विरजण शेजारच्या घरचे

डिसेंबर 1999 मध्ये विल्यम न्यूमन यांनी एसबीसीएल हे कॉमन लिस्प (लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या त्या नावाच्या बोलीतले प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) जाहीर केले, तेव्हा त्यात नवी म्हणावी अशी सुविधा जवळजवळ नव्हती. उलट, ज्या सीएमयूसीएल या जुन्या प्रणालीपासून त्यांनी ते वेगळे काढले होते, तिच्यातील बऱ्याच गोष्टी त्यांनी गाळून टाकल्या होत्या. खरा बदल एकाच बाबतीत झाला होता, आणि तो म्हणजे मूळ सोर्सपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या कोडपासून, ती प्रणाली बांधून काढण्याची रीत. मी गेली अनेक वर्षे एसबीसीएल वापरतो आहे. पंचवीस वर्षांनंतरही ते जोमाने चालू आहे याचे मुख्य कारण तो एक बदलच आहे, असे माझे ठाम मत बनले आहे. म्हणून त्याचा इतिहास येथे जरा तपशिलाने मांडतो.

या विषयाशी माझे नाते जडले ते एका वाईट अनुभवातून. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी माझ्याकडे एका जुन्या प्रणालीची देखभाल आली. सर्व्हरवरची बाइनरी, म्हणजे यंत्राला थेट चालवता येणारी फाइल, उत्तम चालत होती, सोर्सही जपून ठेवलेला होता, परंतु त्या सोर्सपासून ती बाइनरी तयार होत नव्हती. मधल्या कोणत्या वर्षी कोणी कोणता बदल थेट सर्व्हरवर केला आणि तो सोर्समध्ये नोंदवायचा राहून गेला, हे सांगू शकणारे कोणीही उरले नव्हते. चार महिने मी त्या बाइनरीच्या वागण्यावरून हरवलेला सोर्स पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न करत होतो. त्याच काळात मॅक्सिमा हे गणिताचे सॉफ्टवेअर वापरताना ते ज्या लिस्पवर चालते आहे त्याचे नाव एसबीसीएल असल्याचे पडद्यावर दिसले, आणि कुतूहलाने त्याचा इतिहास वाचू लागलो. माझ्यापुढे जो प्रश्न होता, तोच प्रश्न या मंडळींनी फार मोठ्या प्रमाणावर आणि मुळापासून सोडवला होता.

प्रश्न असा की, लिस्पचा कंपायलर (सोर्सचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लिस्पमध्येच लिहिला तर त्याला कंपाइल कोणी करायचे? आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येक स्वयंपाकघरात रोज रात्री सोडवला जातो. दही लावायला विरजण लागते आणि विरजण म्हणजे आधीचे दहीच. घरातले संपले तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते. लिस्पच्या बाबतीत पहिले विरजण 1958 च्या सुमारास एमआयटीमध्ये तयार झाले. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पमध्येच लिस्पचा अर्थ सांगणारे इव्हॅल हे फंक्शन कागदावर मांडले होते. स्टीव्ह रसेल यांनी ते हाताने आयबीएम 704 या संगणकाच्या यंत्रभाषेत उतरवले आणि एकाएकी लिस्पचा इंटरप्रिटर, म्हणजे सोर्स आधी कंपाइल न करता थेट चालवणारा प्रोग्रॅम, हाती आला. कार (यादीचा पहिला घटक) आणि कडर (उरलेली यादी) ही आजही वापरात असलेली नावे त्या संगणकाच्या 36 बिटांच्या शब्दातील दोन भागांवरून आलेली आहेत. पुढे 1962 मध्ये टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पमध्ये लिस्पचा कंपायलर लिहिला, तो इंटरप्रिटरवर चालवला आणि त्यालाच त्याचा स्वतःचा सोर्स कंपाइल करायला दिला. एकदा ही फेरी पूर्ण झाली की इंटरप्रिटरची गरज उरत नाही. कालचा कंपायलर आजच्या कंपायलरला जन्म देतो आणि पिढ्या पुढे चालू राहतात.

एसबीसीएलची वंशावळ पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू होते. 1980 च्या सुमारास तेथे स्पाइस नावाचा प्रकल्प चालू होता. प्रत्येक संशोधकाच्या मेजावर त्याचा स्वतःचा सामर्थ्यवान संगणक असावा, ही त्यामागची कल्पना होती, आणि त्यासाठी पर्क नावाची यंत्रे घेण्यात आली होती. या यंत्रांसाठी स्कॉट फालमन यांच्या नेतृत्वाखाली स्पाइस लिस्प लिहिले गेले. (संगणकावरच्या संदेशातला विनोद ओळखू यावा म्हणून अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस यांचा हसरा चेहरा 1982 मध्ये सुचवणारे फालमन ते हेच.) स्पाइस लिस्पचा बराचसा कोड सार्वजनिक मालकीचा होता, म्हणजे कोणालाही तो घेऊन वापरता येत होता. त्याच सुमारास, 1981 पासून, निरनिराळ्या लिस्प बोलींची एक समाईक भाषा ठरवण्याचे प्रयत्न सुरू झाले. 1984 मध्ये गाय स्टील यांच्या पुस्तकाने त्या कॉमन लिस्पला पहिले निश्चित रूप दिले आणि 1994 मध्ये अमेरिकी राष्ट्रीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली. स्पाइस लिस्पचे नाव बदलून सीएमयू कॉमन लिस्प (सीएमयूसीएल) झाले आणि पर्क यंत्रे मागे पडल्यावर ते युनिक्सच्या जातीच्या संगणकांवर गेले.

या प्रणालीचा खरा दागिना होता तिचा कंपायलर. रॉब मॅकलाक्लन यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लिहिला आणि त्याला पायथॉन असे नाव दिले. आज त्या नावाने घरोघरी पोहोचलेल्या भाषेशी त्याचा काहीही संबंध नाही. प्रोग्रॅमरने चलाचा प्रकार घोषित केला असेल तर हा कंपायलर ती घोषणा डोळे मिटून मान्य करत नाही. तो तिला दावा समजतो, जेथे तपासणे आवश्यक तेथे तपासतो, आणि एकदा खात्री पटली की पुढच्या कोडमध्ये त्या माहितीचा पुरेपूर उपयोग करून घेतो. जेथे तो वेगवान कोड तयार करू शकत नाही, तेथे नेमके का करू शकत नाही याची टीप छापतो. त्या टिपा वाचत वाचतच मी आकड्यांचा हिशेब करणारा कोड नीट लिहायला शिकलो, असे म्हणण्यास हरकत नाही.

1990 च्या दशकाच्या मध्यावर या कामाचा निधी थांबला. विद्यापीठातील गट डिलन या नव्या भाषेकडे वळला आणि सीएमयूसीएल स्वयंसेवकांच्या हाती आले. त्यांनी ते मोठ्या निष्ठेने चालवले; इंटेलच्या साध्या संगणकांवर आणि लिनक्सवर ते आणले, त्यासाठी नवा गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग, बसवला. मात्र त्यांच्या वाट्याला एक अवघड वारसाही आला होता.

तो वारसा समजण्यासाठी लिस्पचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागेल. चालू असलेल्या लिस्प प्रणालीत कोणतीही व्याख्या केव्हाही बदलता येते आणि मेमरीत जे काही आहे ते सगळे एका इमेज फाइलमध्ये जसेच्या तसे साठवता येते. पुढच्या वेळी तेथूनच काम पुढे चालू होते. सीएमयूसीएलची नवी आवृत्ती तयार करण्याची पद्धत याच सोयीवर उभी होती. जुनी इमेज चालू करायची, नवा सोर्स तिच्याच पोटात कंपाइल करायचा, आणि त्यातून पुढची इमेज घडवायची. काम होत असे, पण प्रत्येक इमेज आधीच्या इमेजची लेक होती आणि आईकडून काय काय तिच्याकडे आले आहे याची संपूर्ण नोंद कोठेही नव्हती. समजा, एका फाइलमध्ये वापरलेल्या मॅक्रोची (कंपाइल होताना नवा कोड तयार करणाऱ्या रचनेची) व्याख्या नंतर येणाऱ्या फाइलमध्ये आहे. कोऱ्या पाटीवरून सुरुवात केली तर असा सोर्स पहिल्याच फाइलला अडेल. परंतु जुन्या इमेजमध्ये तो मॅक्रो आधीपासूनच असल्यामुळे चूक कधी उघडकीसच येत नाही. सोर्स अपुरा असूनही प्रणाली चालत राहते. माझ्या त्या पहिल्या नोकरीतील बाइनरीचे हेच दुखणे होते.

याहून कठीण प्रसंग येई तो कंपायलर स्वतः ज्या रचना वापरतो त्या बदलायच्या असतील तेव्हा. कंपायलरच्या अंतर्गत नोंदीत एक रकाना वाढवायचा, किंवा वस्तू मेमरीत मांडण्याची पद्धत बदलायची, तर नवी व्याख्या लागू होताक्षणीच चालू असलेला कंपायलर निकामी होण्याचा धोका असे. बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवण्यासारखे ते होते. त्यातून वाट काढण्यासाठी प्रत्येक मोठ्या बदलासोबत खास फाइली लिहाव्या लागत: आधी हे अर्धे बदला, मग इमेज साठवा, मग ती पुन्हा चालू करून उरलेले अर्धे बदला. तो क्रम ज्याला माहीत, त्यालाच ती आवृत्ती बांधता येई. सीएमयूसीएल आजही जिवंत आहे आणि ते चालवणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदरच वाटतो. परंतु बाहेरून येणाऱ्या नव्या माणसासाठी हा उंबरठा फार उंच होता.

न्यूमन यांनी ठरवले की हा प्रश्न मुळातून सोडवायचा. त्यांची अट ऐकायला साधी होती: मानकाप्रमाणे चालणारे कोणतेही कॉमन लिस्प हाताशी असले की त्याच्या मदतीने, केवळ सोर्स फाइलींपासून, संपूर्ण प्रणाली तयार झाली पाहिजे. विरजण शेजारच्या कोणत्याही घरचे चालावे, आणि त्याची चव मात्र आपल्या दह्यात उतरू नये. दह्याचा दृष्टांत येथे अपुरा पडतो, कारण खऱ्या दह्यात विरजणाचा गुण उतरतोच. न्यूमन यांना तो उतरायला नको होता, आणि सगळे कष्ट त्यासाठीच होते.

स्वतःच्या एकट्याच्या बळावर हे साधायचे तर ओझे कमी करणे भाग होते. म्हणून त्यांनी हेमलॉक हा लिस्पमध्ये लिहिलेला, मजकूर संपादित करण्याचा प्रोग्रॅम काढला, खिडक्यांचे इंटरफेस काढले, आणि इंटेलखेरीज इतर प्रोसेसरांसाठीचा कोडही बाजूला ठेवला. उरला तो पायथॉन कंपायलर, भाषेचा गाभा, आणि सी भाषेतील छोटा रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लागणारा आधारभाग. नावातही त्यांनी मूळ घराण्याची आठवण ठेवली. अँड्र्यू कार्नेगी यांची संपत्ती पोलादातून आली आणि अँड्र्यू मेलन यांची बँकेतून, म्हणून स्टील बँक कॉमन लिस्प.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळतो, कारण या कथेचा गाभा तेथे आहे. ती चार टप्प्यांत होते. मदतीला घेतलेल्या परक्या लिस्पला यजमान म्हणतात. पहिल्या टप्प्यात एसबीसीएलचा कंपायलर यजमानाच्या आत एक सामान्य प्रोग्रॅम म्हणून कंपाइल होतो. त्याच टप्प्यात लिस्पच्या वस्तू मेमरीत कशा मांडल्या जाणार आहेत याचे वर्णन करणाऱ्या सी भाषेच्या हेडर फाइली लिस्पकडून लिहून घेतल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात त्या हेडरच्या आधारे सी रनटाइम तयार होतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिममधील स्थिरांकांच्या किमती उलट दिशेने लिस्पकडे पाठवल्या जातात. तिसऱ्या टप्प्यात यजमानाच्या आत बसलेला तो कंपायलर एसबीसीएलचा स्वतःचा सोर्स कंपाइल करतो, आणि मग जेनेसिस नावाचा भाग त्या तुकड्यांतून एक इमेज जुळवतो. ही इमेज कोणत्याही चालू प्रणालीतून साठवलेली नसते. यजमानाच्या दृष्टीने ती केवळ बाइटांची लांबलचक रांग असते, जिच्यात प्रत्येक सिम्बॉल, प्रत्येक फंक्शन, प्रत्येक पॉइंटर योग्य पत्त्यावर हिशेब करून ठेवलेला असतो. चौथ्या टप्प्यात ती थंड इमेज रनटाइमवर प्रथमच श्वास घेते, उरलेले भाग, उदाहरणार्थ ऑब्जेक्ट सिस्टिम, स्वतःच कंपाइल करते, आणि शेवटी स्वतःला साठवते. यजमानाची गरज तिसऱ्या टप्प्यानंतर संपलेली असते.

यातील पहिला टप्पा दिसतो तितका सरळ नाही. एसबीसीएलच्या सोर्समध्ये कार, कॉन्स, मॅक्रोची व्याख्या करणारी यंत्रणा या सगळ्यांच्या व्याख्या आहेत. त्या जशाच्या तशा यजमानात भरल्या तर यजमानाच्याच त्या नावांच्या व्याख्या पुसल्या जातील. यजमान स्वतः एसबीसीएलची आधीची आवृत्ती असेल तर गोंधळ दुप्पट होईल. म्हणून बांधणी चालू असताना सगळ्या पॅकेजांच्या (नावांच्या गटांच्या) नावात उद्गारचिन्ह घालण्याची युक्ती अनेक वर्षे वापरली गेली. शेवटच्या टप्प्यात ते चिन्ह जाऊन नेहमीचे नाव येई. सोर्स वाचताना ती उद्गारचिन्हे दिसली की, हा कोड दोन जगांत वावरतो याची वाचणाऱ्याला आठवण राहत असे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मानक प्रत्येक लिस्पला काही बाबतींत मोकळीक देते. यंत्राच्या एका शब्दात मावणाऱ्या लहान पूर्णांकाची कमाल मर्यादा किती असावी, ही त्यातली एक. क्लिस्प या दुसऱ्या एका कॉमन लिस्पच्या 32 बिटांच्या आवृत्तीत ती 16777215 आहे, तर 32 बिटांच्या एसबीसीएलमध्ये 536870911. आता क्लिस्पच्या आत चालणाऱ्या एसबीसीएलच्या कंपायलरने एखादी संख्या लहान आहे की मोठी हे ठरवायचे, तर त्याने कोणती मर्यादा धरावी? अर्थात जी प्रणाली जन्माला यायची आहे तिची. सोर्समध्ये हजारो ठिकाणी हा भेद पाळावा लागतो, आणि एका ठिकाणी जरी चुकून यजमानाची मर्यादा वापरली गेली, तरी एसबीसीएलने एसबीसीएल बांधताना ती चूक दिसणार नाही, कारण दोघांची मर्यादा एकच. ती दिसेल परक्या यजमानाकडून बांधल्यावर. वेगवेगळ्या यजमानांचा आग्रह नुसत्या सोयीपुरता नाही, तो सोर्सची कसून परीक्षा घेतो, हे मला येथे कळले.

या रीतीचे फळ लवकरच दिसू लागले. पहिला व तिसरा टप्पा एका संगणकावर आणि दुसरा व चौथा दुसऱ्या संगणकावर असे विभागून चालवता येत असल्यामुळे नवा प्रोसेसर आला की त्याच्यासाठी आधीपासून चालणारे एसबीसीएल असण्याची गरज नव्हती. न्यूमन यांनी काढून टाकलेले प्रोसेसर एकेक करून परत आले. अल्फासाठीचे काम डॅनियल बार्लो यांनी केले, स्पार्कसाठीचे क्रिस्टोफ ऱ्होड्स यांनी. लिनक्सच्या खऱ्या थ्रेडचा आधार आला, युनिकोड आले, 64 बिटांचे इंटेल आले, आणि पुढे एआरएम व रिस्क-फाइव्हही आले. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षर मेमरीत किती जागा घेते तेच बदलणे. कंपायलरच्या मुळापर्यंत पोहोचणारा असा बदल जुन्या रीतीने करताना किती फाइलींचा क्रम पाठ करावा लागला असता, याची कल्पना मी केली आहे. त्या बदलामुळे आज मी फंक्शनचे नाव देवनागरीत ठेवू शकतो.

काही वर्षांनी न्यूमन स्वतः या कामातून बाजूला झाले. एका माणसाने सुरू केलेले प्रकल्प अशा वेळी बहुधा विझतात. एसबीसीएल विझले नाही. नोव्हेंबर 2006 मध्ये 1.0 ही आवृत्ती आली, साधारणपणे दर महिन्याला एक आवृत्ती हा शिरस्ता टिकला, आणि डिसेंबर 2019 मध्ये, विसाव्या वर्षी, 2.0.0 निघाली. विमानभाड्यांचा शोध घेणाऱ्या आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीचा कोड लिस्पमध्ये होता. 2011 मध्ये गूगलने ती कंपनी घेतल्यानंतर तेथील अभियंत्यांचेही बरेच योगदान एसबीसीएलला मिळाले. कोणीही सोर्स उतरवून घ्यावा, बांधावा, मोडावा, पुन्हा बांधावा, आणि आपला पॅच पाठवावा, इतके ते सोपे झाले होते.

ऱ्होड्स यांनी 2008 मध्ये या बांधणीवर एक शोधनिबंध लिहिला, आणि 2020 च्या सुमारास त्यांनी व सहकाऱ्यांनी न्यूमन यांची मूळ अट तिच्या टोकापर्यंत नेली. कोणताही यजमान चालतो एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. यजमान कोणताही असला तरी तिसऱ्या टप्प्यात निघणाऱ्या फाइली बाइट-न-बाइट सारख्या असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. मानकातील मोकळीक येथे पावलोपावली आडवी येते. समान दर्जाच्या घटकांना क्रम लावताना त्यांचा मूळ क्रम राखायचा की नाही, दोन याद्यांची वजाबाकी केल्यावर उरलेले घटक कोणत्या क्रमाने यावेत, हॅश टेबलमधून नोंदी कोणत्या क्रमाने बाहेर पडाव्यात, हे प्रत्येक लिस्प आपापल्या परीने ठरवते. अपूर्णांकांचा हिशेबही यजमानाच्या भरवशावर सोडून चालत नाही. अशी एकेक जागा हुडकून बंद करावी लागली. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्प्सन यांनी 1983 च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवले होते की कंपायलरच्या बाइनरीत दडवलेली लबाडी सोर्समध्ये कोठेही न दिसता पिढ्यानपिढ्या पुढे जाऊ शकते. परस्परांशी संबंध नसलेल्या यजमानांकडून एकच फाइल निघत असेल, तर त्या शंकेला दिलेले इतके चोख उत्तर मला दुसरे माहीत नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी हे स्वतः करून पाहिले. एकदा एसबीसीएलला यजमान केले आणि एकदा क्लिस्पला. क्लिस्पची सुरुवात 1987 मध्ये ब्रुनो हैबले आणि मिखाएल श्टोल या दोन जर्मन विद्यार्थ्यांनी केली. त्याचा गाभा सी भाषेत आहे आणि पायथॉन कंपायलरशी त्याचे काहीच नाते नाही. एसबीसीएलने काम चटकन उरकले. क्लिस्प यंत्रभाषेऐवजी बाइटकोड या मधल्या रूपावर चालत असल्यामुळे त्याला बराच वेळ लागला. दुपारचे जेवण आटोपून मी परत आलो तेव्हा तिसरा टप्पा संपत आला होता. दोन्ही फोल्डरमधील तिसऱ्या टप्प्याच्या फाइलींचे चेकसम (फाइलीतील बाइटांवरून काढलेली ओळखसंख्या) काढून दोन याद्या केल्या आणि एकमेकींशी ताडून पाहिल्या. एकाही ओळीत फरक निघाला नाही. मग क्लिस्पने बांधलेले एसबीसीएल चालू केले आणि त्यालाच यजमान करून तिसऱ्यांदा बांधणी सुरू केली.